पोटातलं रक्त मोरीत का जावं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की आपल्या अंकात रक्ताच्या तुटवड्याची बातमी येतेच. कॉलेजं बंद, माणसं लग्नकार्यात, ऊन पंचेचाळिशीच्या पुढे, शिबिरं थांबलेली, रक्तपेढीचा फ्रीज रिकामा. यंदाही ती आली आणि खाली रक्तदानाचं आवाहनही होतं. ते योग्यच आहे, लोकांनी रक्त द्यावंच. पण त्या बातमीत कधीच न येणारी एक गोष्ट मला सांगायची आहे. मी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात सरकारी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, आता निवृत्त आहे. ज्या बाईसाठी आम्ही रक्ताच्या पिशवीची वाट बघत असायचो, तिचंच दीड-दोन लिटर रक्त त्याच वेळी सक्शनच्या, म्हणजे रक्त शोषून घेणाऱ्या यंत्राच्या, बाटलीत जमा होत असे आणि नंतर मोरीत जात असे.

गर्भ गर्भाशयात न रुजता त्याला जोडलेल्या नळीत रुजला तर काही आठवड्यांनी नळी फुटते. आम्ही त्याला 'एक्टोपिक फुटली' म्हणतो. शंभरातल्या एक-दोन गर्भारपणांत गर्भ असा भलत्या जागी रुजतो, म्हणजे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. बाहेर रक्ताचा डागही दिसत नाही, कारण सगळा रक्तस्राव पोटात होत असतो. बाई सांगते, "सकाळपासून पोट दुखून राहिलं, डोळ्यांसमोर अंधारी येते, खांदाही दुखते." खांदा दुखतो म्हटलं की जुनी सिस्टर लगेच उठते. पोटातलं रक्त वर सरकून श्वासपटलाला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं. मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, ती कागदासारखी पांढरी दिसते. नाडी एकशेतीस-चाळीस, बीपी साठ. अशा वेळी ऑपरेशनला पर्याय नसतो आणि रक्ताशिवाय ऑपरेशन करायला भूलतज्ज्ञ धजत नाहीत.

शहरातल्या वाचकाला वाटेल, मग मागवा रक्त. भामरागडहून गडचिरोलीची जिल्हा रक्तपेढी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तालुक्याच्या ठिकाणी रक्त साठवण्याची सोय झाली तरी तिथे त्या दिवशी त्या गटाची पिशवी असेलच असं नाही. पिशवीचं आयुष्य ३५ दिवसांचं, तेही दोन ते सहा अंशांच्या फ्रीजमध्ये, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. पिशवी मिळाली तरी ती पेशंटच्या रक्ताशी जुळते का ते बघायला, म्हणजे क्रॉसमॅचला, पाऊण तास जातो. २०१४ साली राज्यात १०४ नंबरवर रक्त मागवण्याची 'जीवन अमृत' योजना आली. चांगली होती, पण ती रक्तपेढीपासून ४० किलोमीटरच्या आतल्या दवाखान्यांसाठी. त्याच वर्षी आलेली १०८ची गाडी मात्र आमच्या भागाला खरंच उपयोगी पडली. तरी पावसाळ्यात पर्लकोटाच्या पुलावरून पाणी गेलं की गाडी या काठावर आणि पेशंट त्या काठावर.

त्यात आमच्या बाया मुळातच फिक्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. माडिया पाड्यांवर सात-आठ हिमोग्लोबिन घेऊन बाई रोवणी करते, मोळी आणते. तिच्या अंगातलं दोन लिटर जाणं म्हणजे काय, ते टेबलाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आता थिएटरमध्ये काय होतं ते सांगते. सर्जन पोट उघडतात तशी रक्ताची लाट वर येते. सक्शनची नळी आत जाते, बाटली भरू लागते. बाटलीवर शंभर-शंभरच्या रेघा असतात, त्या बघून मी मोठ्याने सांगायची: आठशे, बाराशे, अठराशे. रक्त टिपायचे कापडी मॉप भिजले की वजनकाट्यावर ठेवायचे, कोरड्या मॉपचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली असा हिशेब. तो भूलतज्ज्ञांना द्यायचा आणि कागदावरही लिहायचा. ऑपरेशन संपलं की बाटलीत हायपोक्लोराइट हे जंतुनाशक टाकून अर्धा तास ठेवायची आणि मग रिकामी करायची. जंतुसंसर्ग पसरू नये म्हणून हा नियम आहे आणि टाकून देण्याच्या रक्तासाठी तो बरोबरच आहे. माझं म्हणणं एवढंच, की ते टाकून द्यायचं रक्त नव्हतंच.

ते तिचंच रक्त असतं. गट जुळवायचा नाही, क्रॉसमॅच नाही, दुसऱ्याची कावीळ किंवा एचआयव्ही येण्याचा प्रश्न नाही, फ्रीजमधून काढून गरम करायलाही नको. शिवाय पोटाच्या पोकळीत पडलेलं रक्त बहुतांशी गोठत नाही, कारण गुठळी बांधणारं फायब्रिन तिथेच निघून गेलेलं असतं. काही गुठळ्या असतात, त्या बाजूला काढता येतात. राहिलेलं रक्त गाळून, त्यात गोठण थांबवणारं सायट्रेट घालून शिरेतून परत देता येतं.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्याकडे एक वयस्क सर्जन शिबिरासाठी येत. एका भर पावसाळ्यात नदीपलीकडून एक पोरगी आली. खाटेची कावड करून काठापर्यंत, मग डोंग्यातून, मग जीपमधून. नवरा आणि दीर दोघंच सोबत, पैकी एकाचाही गट जुळेना. सर्जनसाहेबांनी पोट उघडण्याआधीच मला सांगितलं, "सिस्टर, दोन मोठे बाऊल ऑटोक्लेव्ह केलेले काढा, गॉजचे आठ पदर करा आणि रिकाम्या ब्लड बॅगा आणा." रक्तदानाच्या कोऱ्या पिशवीत सायट्रेटचं द्रावण आधीच भरलेलं असतं, ३५० मिलीच्या पिशवीत ४९ मिली. बाऊलमध्ये रक्त घ्यायचं, गॉजमधून गाळायचं, पिशवीत भरायचं, पिशवी हळूहळू हलवत राहायचं आणि नेहमीच्या फिल्टरच्या सेटने लावायचं. तीन पिशव्या भरल्या. तिसरी लागेपर्यंत ओठांवर रंग आला होता आणि नाडी मनगटावर हाताला लागत होती. भूलतज्ज्ञांनी मधे कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, कारण सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम खातं. पोरगी चालत घरी गेली. पुढे दिवाळीत नवरा मोहाची फुलं घेऊन आला होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी तशीच केस आली. या वेळी सर्जन तरुण, हुशार, हात चांगला. मी हळूच विचारलं, सर, गाळून देऊ या का? ते म्हणाले, "सिस्टर, हे कुठल्या नियमात बसतं? काही झालं तर मला कोण वाचवेल?" त्यांना दोष देणार नाही. लेखी आदेश नव्हता, हातात धड साधन नव्हतं, गॉज-बाऊलचं काम चारचौघांत अडाणीपणाचं दिसतं. नळी बांधली, रक्तस्राव थांबला. बाटलीत दोन हजारांच्या वर रक्त होतं. पिशव्या घेऊन निघालेली गाडी निम्म्या रस्त्यात असतानाच ती बाई गेली. तिच्या मागे दोन लहान लेकरं होती.

ही पद्धत काही कुणाची अलीकडची कल्पना नाही. जर्मनीत योहानेस थीस या स्त्रीरोगतज्ज्ञाने नळी फुटलेल्या बायकांच्या पोटातलं रक्त त्यांनाच परत देऊन १९१४ साली त्याबद्दल लिहिलं. तेव्हा जगात रक्तपेढ्या नव्हत्या. पुढे रक्तपेढ्या आल्या आणि मोठ्या दवाखान्यांतून ही पद्धत मागे पडली. १९७० च्या दशकात ती यंत्राच्या रूपाने परतली. आज मुंबई-पुण्यात हृदयाच्या किंवा यकृताच्या शस्त्रक्रियेत 'सेल सेव्हर' लावतात. शोषलेलं रक्त त्यात वेगाने फिरतं, तांबड्या पेशी वेगळ्या होतात, सलाइनने धुतल्या जातात आणि परत पिशवीत येतात. यंत्र उत्तम आहे. पण त्याची किंमत लाखांत, दरवेळी नवा संच लागतो, सतत वीज लागते, चालवायला शिकलेला तंत्रज्ञ लागतो. आमच्या थिएटरमध्ये ते कपाटात धूळ खात पडेल.

घानात मिशिगन विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या मुलींनी डॉक्टरांना सुपाच्या डावाने पोटातलं रक्त बाऊलमध्ये घेताना आणि गॉजमधून गाळताना पाहिलं, आमच्या शिबिराच्या सर्जनसाहेबांसारखंच. त्यातून त्यांनी 'हेमाफ्यूज' नावाचं हाताने चालणारं साधन तयार केलं. सिसू ग्लोबल हेल्थ ही त्यांची कंपनी. मोठ्या पिचकारीसारखं ते दिसतं: मूठ ओढली की पोटातलं रक्त फिल्टरमधून वर येतं, ढकलली की पिशवीत जातं. वीज नको, वेगळा माणूस नको. बाऊल उघडा नसल्याने माशी, धूळ, हाताचा स्पर्श यांचा धोका कमी. घाना आणि केनियातल्या दवाखान्यांत ते पोहोचलं आहे. जे गडचिरोलीला हवं ते घानातल्या कुमासीला आधी सुचलं, याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की आपल्याकडे ते मागायलाही कुणी उभं राहिलं नाही.

त्याच्या मर्यादा मला माहीत आहेत आणि त्या लपवून हे पत्र छापून आणायचं नाही. आतडं फाटलं असेल, पोटात शेण-पू असेल, तर ते रक्त परत देता येत नाही. कर्करोगाच्या गाठीतला रक्तस्राव असेल तर नाही. पेशंट फार उशिरा आला, रक्ताला वास येतोय, तर नाही. बाळंतपणात अंगावरून जाणारं रक्त वेगळं, ते या साधनाने घेता येत नाही. सिझेरियनमध्ये रक्तात गर्भजल मिसळलेलं असतं, तिथे धुणारं यंत्र आणि पांढऱ्या पेशी अडवणारा खास फिल्टर लागतो. ब्रिटनमध्ये तीन हजारांवर बायकांचा 'साल्व्हो' नावाचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सिझेरियनमध्ये सेल सेव्हर सरसकट लावला तर बाहेरचं रक्त लागण्याचं प्रमाण ३.५ वरून २.५ टक्क्यांवर आलं, पण हा फरक ठाम म्हणता येईल एवढा नव्हता. पण तो अभ्यास जिथे पाच मिनिटांवर रक्तपेढी आहे तिथला आहे. जिथे रक्तच नाही, तिथला प्रश्नच निराळा.

आमच्या जिल्ह्यासाठी एक मर्यादा विशेष महत्त्वाची आहे: सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. गोंड, माडिया, परधान समाजात हा आजार आणि त्याचे वाहक बरेच आहेत. पोटात साचलेल्या, प्राणवायू कमी झालेल्या रक्तात अशा पेशींचे कोयते बनतात आणि तेच रक्त परत दिलं तर अपाय होऊ शकतो. म्हणून इथे ऑपरेशनआधी सिकलसेल ओळखणारी सोल्युबिलिटी टेस्ट करायलाच हवी. ती थोड्या मिनिटांत होते, आमचे लॅबवाले डोळे मिटून करतात, आणि अनेकांकडे सिकलसेल मोहिमेतलं कार्डही असतं. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर हा मार्ग बंद. परदेशातलं साधन जसंच्या तसं आणून चालणार नाही, आपल्या माणसांवर, आपल्या दवाखान्यांत त्याचा अभ्यास व्हायला हवा, असं मी म्हणते ते यासाठीच.

उपयोग फक्त एक्टोपिकचा नाही. मलेरियाने पानथरी (प्लीहा) वाढलेली असते आणि गोऱ्ह्याने ढुशी दिली, झाडावरून पडला, तर ती फुटते. हाही पोटातलाच रक्तस्राव, आणि आतडं शाबूत असेल तर रक्त स्वच्छ. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर ट्रकची वर्दळ वाढल्यापासून छातीला मार लागलेले पेशंट वाढले. छातीत नळी टाकली की बाटलीत लिटरभर रक्त येतं. तेही बंद, निर्जंतुक पिशवीत घेऊन परत देता येतं. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला हे साधन मिळालं आणि वापरायला शिकवलं, तर जिल्हा रुग्णालयापर्यंतचे तीन-चार तास निघतील. नुसत्या सलाइनवर ते निघत नाहीत, रक्त पातळ होत जातं आणि मग गोठतही नाही.

आणि ज्यांना महाराष्ट्रातल्या कुठल्याही रक्तपेढीत पटकन रक्त मिळणार नाही अशीही माणसं आहेत. १९५२ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जो रक्तगट शोधला तो 'बॉम्बे' गट. या गटाच्या माणसाला ओ निगेटिव्हही चालत नाही. त्याला अपघातात सगळ्यात जवळचा रक्तदाता तो स्वतःच.

नियमांबद्दल थोडं. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त विकणं बंद झालं, रक्तपेढ्यांवर परवान्याची आणि तपासणीची शिस्त आली. त्याआधी आम्ही काय काय बघितलं आहे, त्यामुळे ती शिस्त ढिली करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण पेशंटचं स्वतःचं रक्त त्याच टेबलावर, त्याच ऑपरेशनमध्ये परत देणं हा रक्तपेढीचा विषय नाही, शस्त्रक्रियेचा आहे. राज्याच्या आरोग्य विभागाने आणि राज्य रक्त संक्रमण परिषदेने मराठीत दोन पानांचं स्पष्ट परिपत्रक काढावं: कोणत्या पेशंटला द्यायचं, कोणाला नाही, किती वेळात, सायट्रेट किती, नोंद कुठे करायची. तो तरुण सर्जन त्या दिवशी एवढंच मागत होता.

साधन आपल्याकडे बनणार नाही असं कुणी म्हणू नये. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियाच्या ऑपरेशनला महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. लोकांनी आधी नाकं मुरडली. पुढे युगांडात ३०० रुग्णांवर तशाच स्वस्त जाळीची महाग जाळीशी तुलना झाली, २०१६ मध्ये निकाल आला, दोन्ही सारख्याच ठरल्या. बाळंतपणात किती रक्त गेलं ते मोजणारी, रेघा आखलेली प्लॅस्टिकची पिशवी बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर तयार केली. खेड्यातल्या १,६२० बाळंतिणींवरच्या, रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीच्या अभ्यासात ती वापरली, आणि आज तशा पिशव्या जगभर वापरल्या जातात. आमच्याच जिल्ह्यात शोधग्रामला न शिकलेल्या दाईसाठी बाळाचे श्वास मोजायचं मण्यांचं साधन बनलं.

२०१४ पासून राज्य सरकारच्या मदतीने आयआयटी मुंबईत वैद्यकीय उपकरणांचं 'बेटिक' केंद्र आहे आणि त्याची शाखा नागपूरच्या व्हीएनआयटीत आहे. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, दोन्ही मोठी सरकारी रुग्णालयं. अभियंते, सर्जन आणि रक्तसंक्रमण तज्ज्ञ एकाच गावात आहेत. त्यांनी हे काम हाती घ्यावं, सरकारने त्यासाठी पैसे आणि चाचणीची परवानगी द्यावी, आणि पहिला अभ्यास नागपूरच्या बरोबरीने अहेरी, धारणी, धडगाव इथे व्हावा.

जे कोणी ते करतील त्यांना थिएटरमधून काही सांगणं आहे. रचना ठरवायच्या बैठकीला ओटी सिस्टरला बोलवा, कारण साधन धुणार, उकळणार आणि मोजणार तीच. रक्ताने ओला, हातमोजा घातलेला हात मुठीवरून घसरता कामा नये. फिल्टर तुंबला की एका हाताने, दहा सेकंदांत बदलता यावा, कारण दुसऱ्या हातात आतडं बाजूला धरलेला रिट्रॅक्टर असतो. पिशवीवर रेघा ठळक हव्यात, टॉर्चच्या उजेडात दिसतील अशा. सायट्रेटची मात्रा पिशवीतच आधी भरलेली असावी, ऐन वेळी सिरिंजने मोजायला लावू नका. भाग प्रेशर ऑटोक्लेव्हमध्ये शंभर वेळा टिकावेत किंवा मग एकदा वापरून टाकायचे असतील तर किंमत ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला परवडेल अशी असावी. आणि सोबतचं माहितीपत्रक मराठीत, मोठ्या अक्षरात, कोणाला देऊ नये ते सगळ्यात वर छापलेलं असावं, सिकलसेल पहिल्या ओळीत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
जि. गडचिरोली
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)